प्लाझ्माची स्प्लॅश स्क्रीन: तीनच पर्याय, त्यातला एक निवडा

पासवर्ड टाकल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत मधे जे चित्र दिसतं, ती स्प्लॅश स्क्रीन. ती बदलायला बसलेले बरेच जण भलतीकडेच शोधत राहतात, म्हणून आधी हा घोळ मिटवू. लिनक्स सुरू होताना दिसतं ते बहुतेक ठिकाणी प्लायमाउथ नावाच्या प्रोग्रामचं काम, पासवर्ड विचारतो तो लॉगिन मॅनेजर, आणि त्यानंतरचं चित्र केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपचं. आपण फक्त या तिसऱ्याबद्दल बोलतोय.

सिस्टम सेटिंग्ज उघडा आणि शोधपट्टीत ‘स्प्लॅश’ टाका. प्लाझ्मा ६ मध्ये हे पान ‘कलर्स अँड थीम्स’खाली आहे. चित्रावर माउस नेला की पूर्वदृश्याचं बटण दिसतं. ते दाबून बघा, दरवेळी लॉगआउट करायची गरज नाही.

पहिला पर्याय ‘नन’, म्हणजे काहीच नको. यामुळे संगणक लवकर सुरू होईल अशी आशा मात्र धरू नका. डेस्कटॉप मागे तयार होतच असतो, स्प्लॅश त्यावर फक्त पडदा धरते. पडदा काढलात तर पॅनेल आणि वॉलपेपर एकेक करून येताना दिसतील, एवढंच.

दुसरा पर्याय तयार स्क्रीन, म्हणजे मुळात असलेली ब्रीझ किंवा उतरवलेली एखादी. बहुतेकांना मी ब्रीझच ठेवायला सांगेन.

‘गेट न्यू’मधून शेकडो तयार स्क्रीन उतरवता येतात, पण तिथे जपून. स्प्लॅश म्हणजे नुसतं चित्र नसतं, ती क्यूएमएल या कोडच्या भाषेत लिहिलेली असते. ग्लोबल थीम (डेस्कटॉपचं सगळं रूप एकदम बदलणारी) तर याहून बरंच काही चालवू शकते. मार्च २०२४ मध्ये अशाच एका थीममुळे एका वापरकर्त्याच्या फाइली पुसल्या गेल्या होत्या. नुसती स्प्लॅश हवी असेल तर अख्खी ग्लोबल थीम घेऊ नका.

तिसरा पर्याय स्वतःची स्क्रीन. वाटतो तेवढा अवघड नाही, आणि मला सगळ्यात आवडतो तो हाच. सिस्टममधल्या प्लाझ्मा फोल्डरात ‘लुक-अँड-फील’ असतं, त्यातल्या ब्रीझच्या फोल्डरची प्रत करा. होममधल्या ‘डॉट लोकल’ या लपलेल्या फोल्डरात ‘शेअर’, त्यात ‘प्लाझ्मा’, त्यात ‘लुक-अँड-फील’ अशी जागा असते (नसेल तर करा). प्रत तिथे ठेवा आणि फोल्डरला नवं नाव द्या. मेटाडेटाच्या (थीमची माहिती असलेल्या) फाइलमधला आयडी त्या नावाशी अक्षरशः जुळायला हवा, आणि दाखवायचं नावही बदला, म्हणजे यादीत दोन ब्रीझ दिसणार नाहीत. मूळ फाइलला हात लावू नका. पुढच्या अपडेटमध्ये तुमचे बदल पुसले जातील.

आता ‘कंटेंट्स’मधलं ‘स्प्लॅश’ फोल्डर उघडा. क्यूएमएल फाइलमध्ये पार्श्वभूमीचा रंग काळा असा लिहिलेला आहे, तिथे हवा तो रंग लिहा. ‘इमेजेस’मधल्या लोगोच्या जागी त्याच नावाने आणि त्याच प्रकारात तुमचं चित्र ठेवा. ‘स्टेज’ असं लिहिलेल्या ओळींना मात्र धक्का लावू नका. डेस्कटॉप कुठवर तयार झालाय ते स्क्रीनला त्यांच्याकडूनच कळतं.

सेटिंग्ज बंद करून पुन्हा उघडा, तुमची स्क्रीन यादीत आलेली असेल. पूर्वदृश्यात ती रिकामी दिसली, तर क्यूएमएलमध्ये एखादा कंस किंवा अवतरणचिन्ह सुटलंय का ते आधी तपासा.