स्त्रीबीज वाढीच्या गोळ्या घेताना या चुका टाळा

सांगलीतल्या एका स्त्रीरोग दवाखान्यात मी एकवीस वर्षे परिचारिका आहे. मूल व्हावे म्हणून क्लोमिफीन किंवा लेट्रोझोल सुरू केलेल्या स्त्रियांच्या फायली माझ्याकडे असतात. गोळ्यांनी बऱ्याच जणींचे बीज वाढते आणि फुटतेही. तरीही महिना हातचा जातो, आणि फाईल उघडून चौकशी केली की कारण बहुतेक वेळा औषधात नव्हे, तर दिवस मोजण्यात, नवऱ्याच्या राहून गेलेल्या तपासणीत किंवा घाईत सापडते.

दिवस मोजण्याची चूक मला सर्वांत जास्त छळते. चिठ्ठीवर ‘पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस’ असे लिहिलेले असते, पण पहिला दिवस कोणता हे प्रत्येक घरात वेगळे ठरते. कोणी नुसते डाग दिसले तो दिवस धरते, तर कोणी डोक्यावरून पाणी घेतले तो चौथा दिवस. तासगाव तालुक्यातील एका गावातून येणाऱ्या सुनेच्या बाबतीत हे दोन महिने चालले आणि आमच्याही लक्षात आले नाही. गोळ्या तिने चिठ्ठी वाचून योग्य दिवशी सुरू केल्या होत्या. अकराव्या दिवशी सोनोग्राफीला या आणि बाराव्या दिवसापासून एक दिवसाआड संबंध ठेवा, असे आम्ही सांगितले होते. ते दिवस मात्र घरात सासूबाईंनी मोजले. ती आली तेव्हा खरा चौदावा दिवस होता. दोन्ही वेळा फुगा, म्हणजे ज्यात बीज वाढते ती अंडाशयातली पिशवी, आधीच फुटून गेलेला आणि गर्भाशयामागे थोडे पाणी दिसत होते. फुटलेले बीज जेमतेम बारा ते चोवीस तास टिकते. पुरुषबीज पाच दिवसांपर्यंत जगू शकते, म्हणून ते आधीच पोहोचलेले असावे लागते. या जोडप्याचे मात्र सगळे प्रयत्न बीज संपल्यानंतरचे होते. तिसऱ्या महिन्यात मी पाळीची तारीख पुन्हा विचारली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “सिस्टर, चौथ्या दिवशी पाणी घेतलं की तिथनं पयला दिवस धरायचा न्हवं?” त्या माऊलीचा काही दोष नव्हता. आम्हीच कधी नीट विचारले नव्हते.

ज्या दिवशी पॅड घ्यावे लागेल इतका लाल स्राव सुरू होतो, तो पहिला दिवस. आदल्या दिवसाचे डाग मोजायचे नाहीत आणि डोक्यावरून पाणी घेण्याचा दिवसही नाही. तेव्हापासून मी तारखेबरोबर वारही विचारते, कारण तारीख विसरली तरी पाळी आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी आली होती हे बाईला पक्के आठवते. शिवाय गोळ्यांच्या पाकिटावर प्रत्येक गोळीमागे बॉलपेनने तारीख लिहून देते आणि सोनोग्राफीची तारीख घरच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लाल पेनाने लिहायला लावते. पाळी अगदीच कमी गेली असेल किंवा लांबली असेल, तर पहिली गोळी घेण्यापूर्वी लघवीची गर्भतपासणी करून घ्यावी, कारण गर्भ राहिलेला असताना या गोळ्या घ्यायच्या नसतात.

दुसऱ्या चुकीबद्दल, म्हणजे नवऱ्याच्या राहून गेलेल्या तपासणीबद्दल, मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. विटा आणि आटपाडीकडील असंख्य कुटुंबांतील पुरुष सोन्या-चांदीच्या गलाईच्या व्यवसायासाठी परराज्यांत राहतात आणि सणाला किंवा जत्रेला गावी येतात. अशाच एका घरातील सुनेने एकाच जुन्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून दर महिन्याला क्लोमिफीन आणून पाच महिने घेतले. त्यांपैकी तीन महिने बीज फुटण्याच्या दिवसांत नवरा तमिळनाडूत होता. हे औषध साधारणपणे सहा पाळीचक्रांपेक्षा जास्त देत नाहीत, म्हणजे तिच्या वाट्याचे बहुतेक महिने असेच संपले. शेवटी नवरा गावी आला आणि फार आग्रहानंतर त्याची वीर्यतपासणी झाली, तेव्हा पुरुषबीजांची संख्या फारच कमी निघाली. पाच महिने अंगातून वाफा निघणे, डोके दुखणे आणि घरच्यांचे बोलणे हे सगळे त्या मुलीने सोसले, आणि सुई न टोचता एका सकाळी होणारी तपासणी तेवढी कोणाला सुचली नाही.

गोळीचे पहिले पाकीट फोडण्यापूर्वी नवऱ्याचा अहवाल फाईलमध्ये हवा, हा माझा हट्ट आहे. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यावा आणि तो घरून आणायचा असेल तर तासाभराच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेनुसार एका मिलिलिटरमध्ये 1 कोटी 60 लाख पुरुषबीजे ही खालची मर्यादा मानतात. एक अहवाल कमी आला म्हणून खचून जाऊ नये. साधारण तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात. नवरा परगावी असेल तर त्याच्या रजेच्या तारखा आधी डॉक्टरांना सांगाव्यात आणि त्या महिन्यातच औषध सुरू करण्याविषयी विचारावे.

मोबाईलवर ‘लेट्रोझोल ही कॅन्सरची गोळी’ असे वाचून तिसऱ्या दिवशी औषध सोडणाऱ्या स्त्रियाही दर वर्षी भेटतात. ही गोळी स्तनाच्या कर्करोगासाठी तयार झाली हे खरे आहे, आणि 2011 मध्ये भारतात वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदी आली होती हेही खरे आहे. पण 2017 मध्ये ती बंदी उठवण्यात आली. पीसीओएस, म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडामुळे बीज वेळेवर न फुटण्याचा विकार, असलेल्या 750 स्त्रियांवर अमेरिकेत झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी 27.5 टक्के स्त्रियांना मूल झाले, तर क्लोमिफीन घेणाऱ्यांपैकी 19.1 टक्के स्त्रियांना. शंका असेल तर गोळी सुरू करण्यापूर्वी विचारावी. पाचपैकी दोन गोळ्या घेऊन थांबण्यात काहीच अर्थ नाही.

एका महिन्यात गुण आला नाही म्हणून पुढच्या महिन्यात स्वतःच डोस दुप्पट करू नये. क्लोमिफीन वाढले की गर्भाशयाचे अस्तर पातळ राहू शकते, आणि बीज उत्तम असूनही गर्भाला रुजायला जागा मिळत नाही. नेहमीच्या डोसवरही शंभरातील सात-आठ गर्भधारणा जुळ्यांच्या असतात. जावेच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत. ज्यांची पाळी नियमित आहे आणि बीज दर महिन्याला आपोआप फुटते, त्यांना नुसत्या क्लोमिफीनचा फारसा उपयोग होत नाही. गर्भनलिका बंद असतील तर कोणाच्याच बीजाला वाट मिळणार नाही. सोनोग्राफीचे पैसे वाचवण्यासाठी पहिल्याच महिन्याची तपासणी टाळू नये. फुगा साधारण 18 ते 20 मिलिमीटरचा होतो की नाही आणि एकाच वेळी किती फुगे वाढत आहेत, हे नुसत्या अंदाजाने कळत नाही.

डोळ्यांपुढे चमकल्यासारखे झाले किंवा धूसर दिसू लागले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे आणि तोपर्यंत दुचाकी चालवू नये. पोट झपाट्याने फुगणे, सतत उलट्या, लघवी कमी होणे किंवा धाप लागणे ही लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नये. विशेषतः सोबत इंजेक्शने घेतली असतील तर रात्रीसुद्धा दवाखाना गाठावा.

फुगा फुटण्यासाठी एचसीजीचे (गर्भतपासणीत जे संप्रेरक शोधतात तेच) इंजेक्शन घेतले असेल, तर साधारण छत्तीस तासांनी बीज सुटते. त्यानंतर आठव्या-नवव्या दिवशी घरी तपासणी करून दोन रेघा आल्या म्हणून पेढे वाटलेले मी पाहिले आहे. त्या रेघा इंजेक्शनच्या होत्या, आणि चार दिवसांनी पाळी आली तेव्हा त्या घरात कोणी कोणाशी बोलत नव्हते. इंजेक्शननंतर किमान चौदा दिवस थांबून तपासणी करावी, आणि शक्य असेल तर रक्ताची. प्रोजेस्टेरॉनच्या, म्हणजे गर्भाशयाचे अस्तर टिकवणाऱ्या संप्रेरकाच्या, गोळ्या चालू असतील तर गर्भ नसतानाही पाळी लांबते, म्हणून पाळी आली नाही एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. उलट, तपासणी होण्यापूर्वी त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंदही करू नयेत.