बडोद्यातून ग्रीक-लॅटिनच्या मास्टर्सला: आधी धातू चालवा, मग अर्ज भरा

ग्रीक-रोमन अभ्यासात मास्टर्स करायचंय, कुठल्या युनिव्हर्सिटीत अर्ज टाकू, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते: लॅटिनचे धातू चालवता येतात का, म्हणजे क्रियापदांची सगळी रूपं म्हणता येतात का? ग्रीकचे? येत नसतील तर युनिव्हर्सिट्यांच्या यादीत इतक्यात डोकं घालू नका. तिकडची बरीच मुलं शाळेपासून नाहीतर निदान बी.ए.पासून लॅटिन करून आलेली असतात. आपण इथून बी.ए. संस्कृत, इतिहास किंवा फार तर पुरातत्त्व करून जाणार. हे अंतर छान निबंध लिहून भरून निघत नाही. अर्जाच्या दीड-दोन वर्षं आधी भाषा सुरू करायची, आणि ती बडोद्यात बसून होते.

मी सयाजीराव विद्यापीठातून संस्कृत घेऊन बी.ए. केलं, मग लंडनला मास्टर्स. आता घरून ऑनलाइन लॅटिन शिकवते आणि जोडीला मुद्रितशोधनाची कामं घेते. त्यावरून या विषयातल्या कमाईचा अंदाज बांधा आणि मगच पुढे वाचा.

आधी कोणती भाषा? सगळे लॅटिन म्हणतात. माझं मत वेगळं आहे. संस्कृत झालेलं असेल तर सरळ ग्रीक धरा. द्विवचन पाठ करताना तिकडची मुलं कुरकुरतात, आपल्याला त्याचं काही वाटत नाही. संस्कृतातली ओळखीची क्रियारूपं ग्रीकमध्येही भेटतात: आत्मनेपद आहे, विधिलिङ् (‘करावं’ अशा अर्थाचं) आहे, लुङ् (भूतकाळाचं एक रूप) आहे. लङ् या भूतकाळात धातूच्या आधी ‘अ’ येतो तसा तिथे ‘ए’ येतो. ‘ददामि’मध्ये ‘द’ दोनदा येतो तसा ‘दिदोमि’मध्येही येतो. आणि ज्याला सति सप्तमी (‘सूर्य उगवला असता’ अशी रचना) नीट कळली आहे त्याला अर्धी लढाई फुकट मिळते: तीच रचना ग्रीक षष्ठीत करतात, लॅटिनवाले पंचमीसारख्या विभक्तीत. संस्कृत झालेलं नसेल तर मात्र लॅटिनच बरं.

संस्कृत जिथे उपयोगी पडत नाही ते म्हणजे निपात, वाक्याला वळण देणारे छोटे अव्यय शब्द. ‘मेन’ आणि ‘दे’ या दोन चिमुकल्या शब्दांवर ग्रीक वाक्याच्या दोन बाजू तोललेल्या असतात. ते वगळून अर्थ लावायची सवय लागली की प्लेटो वाचताना कोण काय कबूल करतोय आणि काय नाकारतोय तेच कळेनासं होतं.

आमच्या दांडिया बाजारात अरविंद निवास आहे. अरविंद घोष केंब्रिजला क्लासिकल ट्रायपॉस या ग्रीक-लॅटिनच्या परीक्षेत पहिला वर्ग मिळवून 1893 साली सयाजीराव महाराजांच्या नोकरीत बडोद्याला आले. त्यांचा क्रम उलटा होता. ग्रीक-लॅटिन आधी झालं, संस्कृतचा खरा अभ्यास इथे. म्हणून ‘बडोद्यात बसून ग्रीक?’ असं कुणी नाक मुरडलं की मी त्यांना त्या घराचा पत्ता देते.

साधनं फुकट आहेत. टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस डिजिटल लायब्ररीवर मूळ ग्रंथ आहेत, शब्दावर क्लिक केलं की रूप ओळखून मिळतं. पण आधी स्वतः वहीत विभक्ती-वचन लिहा, मग क्लिक करा. नाहीतर वर्षभर वाचूनही हाती काही लागत नाही. लोएब या द्विभाषिक मालेतल्या पुस्तकांचंही तसंच. हिरवी ग्रीकची, लाल लॅटिनची. डाव्या पानावर मूळ आणि उजव्या पानावर इंग्रजी. उजव्या पानावर पोस्टकार्ड ठेवायचं आणि परिच्छेद संपेपर्यंत उचलायचं नाही. मास्टर्सच्या परीक्षेत पूर्वी न पाहिलेला उतारा समोर येतो, तिथे उजवं पान नसतं.

आता लेखनाचा नमुना. बहुतेक ठिकाणी अर्जासोबत दोन-तीन हजार शब्दांचं लेखन मागतात. इथून जाणारी मुलं हटकून ‘भारत-रोम व्यापार’ असा ऐसपैस विषय घेतात. मोह समजू शकते. बडोद्यातल्याच अकोट्याच्या उत्खननात इरॉस या ग्रीक प्रेमदेवतेची आकृती असलेली रोमन काशाची मूठ निघाली, भरूच आपल्यापासून तासाभरावर. पण निवड करणाऱ्यांना तुम्ही मूळ मजकूर कसा वाचता ते बघायचं असतं. म्हणून विषय लहान करा. ‘पेरिप्लस’ हे पहिल्या शतकातलं ग्रीक व्यापाऱ्याचं टिपण घ्या. भरूच म्हणजे त्यातलं बारिगाझा. नर्मदेच्या मुखाशी भरती-ओहोटी जहाजांची काय दशा करते आणि स्थानिक कोळी पुढे होऊन जहाजं आत कशी आणतात, हे तो डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगतो. अपोलोडोटस आणि मिनँडर या इंडो-ग्रीक राजांची जुनी नाणी बारिगाझात अजून चालतात, हेही त्यानेच नोंदवलं आहे. आणि हाच माणूस या भागात अलेक्झांडरच्या स्वारीच्या खुणा दिसतात म्हणून सांगतो: जुनी देवळं, छावण्यांचे पाये, मोठमोठ्या विहिरी. अलेक्झांडर तर पंजाबातल्या बियास नदीवरून परत फिरला, गुजरातेत आलाच नाही. मग भरतीबद्दल इतका नेमका असलेला माणूस विहिरींबद्दल असा कसा घसरला? ग्रीक अक्षरांची नाणी बघून त्याने पुढचं जुळवलं का? एवढ्याच प्रश्नावर, मूळ वाक्यं समोर ठेवून, दोन हजार शब्द लिहा. या ग्रंथाचं दहाव्या शतकातलं हस्तलिखित जर्मनीत हायडेलबर्गला आहे, तेही ऑनलाइन बघायला मिळतं.

भाषा जमायला लागली की कोर्स निवडणं सोपं होतं. ‘क्लासिक्स’ म्हणजे मुख्यतः भाषा-साहित्य. प्राचीन इतिहासाच्या बऱ्याच एम.ए.ना सुरुवातीची लॅटिन तिथे गेल्यावरही घेता येते. ऑक्सफर्डला मास्टर्स दोन तऱ्हेची: एमएसटी एका वर्षाची, एमफिल दोन वर्षांची. भाषा कच्ची असेल तर दोन वर्षांचीच बरी. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियासारख्या विद्यापीठांत खास भाषा पक्की करण्यासाठी पोस्ट-बॅक, म्हणजे बी.ए.नंतरचा तयारीचा कोर्स, असतो. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाममात्र आहे, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला 1,500 युरो पडतात. शिवाय हा विषय तिथे जर्मनमधूनच शिकवतात.

शिफारसपत्र मोठ्या नावाच्या सरांकडून नको, ज्या बाईंनी तुमची वही तपासली आहे त्यांच्याकडून घ्या. ट्रान्सक्रिप्टसाठी (विद्यापीठाच्या अधिकृत गुणपत्रकासाठी) दिवाळीच्या सुट्टीआधी अर्ज टाका. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या मुदती डिसेंबर-जानेवारीत संपतात.

पैसे. ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी नुसती फीच 20 हजार पौंडांच्या वर जाते. ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन शिष्यवृत्तीसाठी वेगळा अर्ज नसतो, मुदतीत कोर्सचा अर्ज केला की नाव आपोआप विचारात घेतात. रोड्स, फेलिक्स, गेट्स केंब्रिज, इनलॅक्स या शिष्यवृत्त्यांच्या मागे जरूर लागा. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा नोकरीचा अनुभव लागतो. जे. एन. टाटा एंडोमेंट 1892 पासून आहे, पण ते कर्ज आहे, फेडावं लागतं. ब्रिटनच्या व्हिसासाठी उरलेली फी आणि नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च खात्यात सलग 28 दिवस दिसावा लागतो. काकांकडून चार दिवसांसाठी उसने घेऊन चालत नाही.

परत आल्यावर क्लासिक्सचा विभाग शोधत हिंडू नका. दिल्लीच्या जेएनयूत ग्रीक अभ्यासाचं एक अध्यासन आहे, काशीत राहून संस्कृत शिकलेल्या दिमित्रिओस गालानोसच्या नावाचं. बाकी सगळा शुकशुकाट. नेटच्या (कॉलेजात शिकवण्यासाठीच्या पात्रता परीक्षेच्या) विषयांत ग्रीक-लॅटिन नाही. संस्कृत, इतिहास, पुरातत्त्व आहेत. ब्रिटनची एक वर्षाची मास्टर्स 2022 च्या करारानंतर इथे मान्य आहे, तरी कॉलेजात शिकवायचं असेल तर मी सांगेन की आधी इथलं एम.ए. आणि नेट उरकून टाका. त्या दोन वर्षांत संध्याकाळी ग्रीकही होतं.