खोटा सुरक्षा-इशारा कुठून येतो ते ओळखून संगणक स्वच्छ कसा करावा

घरच्या संगणकावर काम करताना अचानक संपूर्ण पडदा व्यापणारी चौकट उघडते, भोंगा वाजू लागतो, ‘तुमच्या संगणकात ट्रोजन (म्हणजे उपयुक्त प्रोग्रामच्या वेशात येणारा घातक प्रोग्राम) शिरला आहे, संगणक बंद करू नका’ अशा अर्थाचा मजकूर झळकतो आणि त्याखाली ‘मायक्रोसॉफ्ट सपोर्ट’च्या नावाने एक दूरध्वनी क्रमांक दिलेला असतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या त्रुटी-संदेशांत आणि इशाऱ्यांत दूरध्वनी क्रमांक कधीही नसतो. क्रमांक दिसला की इशारा खोटा, एवढी एक कसोटी घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांना, आधीच सांगून ठेवावी. कारण ही फसवणूक तांत्रिक कौशल्यावर कमी आणि माणसाच्या घाबरण्यावर अधिक चालते.

खोटा इशारा दिसला म्हणजे संगणकात काही शिरलेच आहे असे नाही, आणि काही शिरले नसेलच असेही नाही. असा इशारा तीन ठिकाणांहून येऊ शकतो: उघडलेल्या एखाद्या वेबपानातून, ब्राउझरला कधीतरी दिलेल्या परवानगीतून, किंवा संगणकातच ठाण मांडून बसलेल्या प्रोग्राममधून. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. उगम न शोधता घाईघाईने एखादा ‘क्लीनर’ उतरवून घेणे हा या प्रकरणातला सर्वांत महाग पडणारा निर्णय ठरतो, कारण शोधात वर दिसणाऱ्या जाहिरातींमागे बऱ्याचदा तोच रोग औषधाच्या नावाने विकला जात असतो. खालील पायऱ्या विंडोज १० आणि विंडोज ११ या प्रणालींसाठी आहेत.

वेबपानातून आलेला इशारा

पडदा भरून टाकणारी चौकट हे बहुधा एक साधे वेबपान असते. ब्राउझरला पूर्ण पडद्यावर नेऊन त्याची बंद करण्याची खूण तेवढी लपविलेली असते. त्या पानावरच्या कोणत्याही बटणाला, अगदी ‘रद्द करा’ किंवा फुलीच्या खुणेलाही हात लावू नये, कारण ती फुली चित्रातली असू शकते. ‘एस्केप’ कळ काही सेकंद दाबून धरल्यास पूर्ण पडद्याची अवस्था सुटते आणि मग टॅब बंद करता येतो. तसे न झाल्यास ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ आणि ‘एस्केप’ या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, यादीतून ब्राउझर निवडावा आणि ‘एंड टास्क’ करावे. पुन्हा ब्राउझर उघडताना तो आधीची पाने परत उघडू का असे विचारील. तेथे नकार द्यावा, अन्यथा तेच पान पुन्हा समोर येईल.

आता खातरजमा करावी. स्टार्ट मेनूत ‘विंडोज सिक्युरिटी’ शोधून उघडावे, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये जावे आणि ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ पाहावी. तेथे त्या वेळची नोंद नसेल, तर मघाचा इशारा विंडोजच्या सुरक्षा-व्यवस्थेने दिलेला नव्हता हे स्पष्ट होते. पान बंद केल्यावर इशारा पुन्हा आला नाही आणि आपण त्या पानावरून काही उतरवून घेतले नसेल, तर एक ‘क्विक स्कॅन’ करून विषय तेथेच संपवावा. एज ब्राउझर वापरणाऱ्यांनी त्याच्या सेटिंग्जमधला ‘स्केअरवेअर ब्लॉकर’ चालू आहे ना हेही पाहावे. अशी पडदा भरणारी पाने ओळखून थांबविण्यासाठीच तो दिलेला आहे.

कोपऱ्यात पुन्हा पुन्हा उगवणारे इशारे

ब्राउझर बंद केल्यावरही पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘तुमचे अँटिव्हायरस संपले आहे’ अशा पट्ट्या येत असतील, तर बहुतेक वेळा दोष व्हायरसचा नसून परवानगीचा असतो. एखाद्या चित्रपटाच्या वा क्रिकेट-प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावर ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असे सांगितलेले असते आणि ते बटण दाबताच त्या संकेतस्थळाला सूचना पाठविण्याचा हक्क मिळतो. क्रोममध्ये ‘सेटिंग्ज’, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘साइट सेटिंग्ज’ आणि ‘नोटिफिकेशन्स’ या क्रमाने जावे आणि परवानगी मिळालेल्यांच्या यादीतून अनोळखी नावे काढून टाकावीत. त्याच वेळी ‘एक्स्टेन्शन्स’ची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या पूरक प्रोग्रामांची, यादी तपासावी आणि आपण स्वतः जाणूनबुजून घेतलेले नाही असे प्रत्येक एक्स्टेन्शन काढावे. मुखपृष्ठ किंवा शोधयंत्र आपोआप बदलले असेल, तर सेटिंग्जमधल्या ‘रीसेट सेटिंग्ज’चा आधार घ्यावा; त्याने बुकमार्क आणि साठविलेले पासवर्ड जात नाहीत, एक्स्टेन्शन्स मात्र बंद होतात.

संगणकात बसलेला प्रोग्राम

ब्राउझर न उघडताही इशारे येत असतील, ‘तपासणी’ आपोआप सुरू होऊन शेकडो दोष दाखवीत असेल आणि ते दूर करण्यासाठी पैसे मागत असेल, तर तो बनावट अँटिव्हायरस आहे. हा धंदा जुना आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २००८ मध्ये ‘इनोव्हेटिव्ह मार्केटिंग’ या कंपनीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, तेव्हा ‘विनफिक्सर’, ‘ड्राइव्हक्लीनर’, ‘एक्सपी अँटिव्हायरस’ अशा नावांचे प्रोग्राम खोट्या तपासण्या दाखवून दहा लाखांहून अधिक ग्राहकांच्या गळी उतरविल्याचा तिच्यावर आरोप होता. नावे तेव्हापासून अनेकदा बदलली. आधी भीती दाखवायची आणि मग इलाज विकायचा ही रीत तीच राहिली.

प्रथम वाय-फाय बंद करावे किंवा केबल काढावी, म्हणजे चोरलेली माहिती बाहेर जाणे थांबते. मग ‘सेटिंग्ज’मधील ‘अॅप्स’ची यादी स्थापनेच्या तारखेनुसार लावावी आणि त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेले अनोळखी प्रोग्राम काढून टाकावेत. प्रोग्राम निघत नसेल, तर ‘शिफ्ट’ दाबून धरून ‘रीस्टार्ट’ निवडावे आणि ‘ट्रबलशूट’, ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ या मार्गाने ‘सेफ मोड’मध्ये जाऊन तो काढावा; या अवस्थेत विंडोज अत्यावश्यक भागच चालू करते, त्यामुळे उपद्रवी प्रोग्राम बहुधा निष्क्रिय असतो.

तपासणीपूर्वी एक गोष्ट आवर्जून पाहावी, जी बहुतेक मार्गदर्शनांत सुटते. ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’च्या सेटिंग्जमध्ये तळाशी ‘एक्सक्लूजन्स’ असतात, म्हणजे डिफेंडरने (विंडोजच्या अंगभूत अँटिव्हायरसने) तपासू नयेत अशा जागांची यादी. अनेक मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, शिरताच स्वतःची जागा या यादीत घालतात आणि मग कितीही तपासण्या केल्या तरी ‘धोका नाही’ असेच उत्तर येते. क्रॅक केलेले ऑफिस किंवा खेळ बसविताना ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी जी सूचना असते, ती पाळणारा माणूस हेच काम स्वतःच्या हाताने करीत असतो. ही यादी रिकामी करावी, सुरक्षा-सेटिंग्ज दुसऱ्या प्रोग्रामला बदलू न देणारे ‘टँपर प्रोटेक्शन’ चालू करावे, नेट तेवढ्यापुरते जोडून व्हायरस-व्याख्या अद्ययावत कराव्यात आणि ‘फुल स्कॅन’ लावावे. त्याला काही तास लागू शकतात. त्यानंतर ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ करावे. यात संगणक पुन्हा सुरू होतो आणि विंडोज चालू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे चालू प्रणालीत दडी मारणाऱ्या मालवेअरला लपायला जागा उरत नाही. याला साधारण पंधरा मिनिटे लागतात.

दुसऱ्या साधनाचे मत घेणे चांगले. मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्ती, किंवा मायक्रोसॉफ्टचा ‘सेफ्टी स्कॅनर’, जो स्वच्छ संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हवरून आणता येतो, यांपैकी काहीही चालेल. सेफ्टी स्कॅनर उतरविल्यापासून १० दिवसच चालतो, म्हणून जुनी प्रत वापरू नये. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’नेही २०१७ पासून बॉट (संगणकाचा ताबा दूरच्या गुन्हेगाराला देणारे प्रोग्राम) काढण्याची मोफत साधने उपलब्ध करून दिली आहेत. सतत पहारा देणारे दोन अँटिव्हायरस मात्र एकाच वेळी बसवू नयेत.

शेवटी मागे राहिलेल्या खुणा पाहाव्यात. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ विभागातील अनोळखी नोंदी बंद कराव्यात, ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मधील ‘प्रॉक्सी’ (आपली नेट-वाहतूक दुसऱ्या संगणकामार्फत नेणारी जोडणी) आपण लावलेली नसल्यास काढावी, आणि ठरल्या वेळी कामे आपोआप चालविणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये ठरावीक वेळाने ब्राउझर उघडणारे काम आहे का तेही पाहावे. काढलेला इशारा दुसऱ्या दिवशी परत येतो, तो पुष्कळदा येथूनच येतो.

क्रमांकावर फोन केला असेल, किंवा सांगितलेल्या कळा दाबल्या असतील

फोनवरच्या माणसाच्या सांगण्यावरून एनीडेस्क, टीमव्ह्यूअर किंवा अल्ट्राव्ह्यूअर यांसारखे, दुरून आपला संगणक हाताळू देणारे साधन बसविले असेल, तर आधी नेट तोडावे आणि मग ते साधन काढावे. बोलणारा मराठीत किंवा हिंदीत आपुलकीने बोलला म्हणून विश्वास ठेवू नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’मध्ये देशभर ७६ ठिकाणी छापे घातले, तेव्हा मायक्रोसॉफ्ट आणि अॅमेझॉन यांच्या तक्रारींवरून उघडकीस आलेली बनावट तांत्रिक साहाय्याची प्रकरणेही त्यांत होती. पैसे गेले असतील, तर त्याच क्षणी बँकेला कळवून १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. पैसा पुढच्या खात्यांत वळता होण्याआधी तो गोठविता येतो, त्यामुळे येथे प्रत्येक तास मोलाचा असतो. लाजेपोटी दोन दिवस गप्प राहणाऱ्यांचे नुकसान मला सर्वाधिक हळहळ लावते, कारण त्यातले काही टळण्यासारखे असते.

अलीकडे एक नवा प्रकार पसरला आहे. खोटी ‘कॅप्चा’ (आपण रोबोट नाही हे तपासणारी) चौकट ‘विंडोज’ आणि ‘आर’ कळा दाबून, काहीतरी चिकटवून, ‘एंटर’ दाबायला सांगते. खरी कॅप्चा असे कधीही सांगत नाही. तसे केले असेल, तर पासवर्ड आणि ब्राउझरमधली लॉगिन-सत्रे चोरीला गेली असे धरूनच चालावे. चोरी घडून गेल्यावर तपासणीत काही न सापडणे हा दिलासा नव्हे. फोनवरून किंवा दुसऱ्या स्वच्छ संगणकावरून आधी ईमेलचा आणि मग बँकेचा पासवर्ड बदलावा, सर्व उपकरणांवरून ‘साइन आउट’ करावे आणि द्विस्तरीय पडताळणी चालू करावी.

अशा संगणकाबाबत, आणि ऑफलाइन तपासणीनंतरही लक्षणे परतत असतील त्या संगणकाबाबत, माझे स्पष्ट मत असे आहे की डागडुजी थांबवून ‘रीसेट धिस पीसी’ वापरावे आणि ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडावे. त्याआधी फोटो, कागदपत्रे आणि हिशेबाच्या फाइल्स बाह्य डिस्कवर घ्याव्यात, परंतु उतरवून घेतलेले इन्स्टॉलर आणि झिप फाइल्स मुळीच घेऊ नयेत. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, म्हणून संगणक पेलू शकत असेल तर याच वेळी विंडोज ११ बसविणे इष्ट. नवी प्रणाली अद्ययावत झाल्यावर प्रथम त्या बाह्य डिस्कची तपासणी करावी आणि मगच फाइल्स परत आणाव्यात. रोजच्या वापरासाठी प्रशासकाचे अधिकार नसलेले वेगळे खाते उघडून तेच घरातल्या सर्वांना द्यावे.