पॉवर बटण दगा देतंय? फोन बंद करण्याआधी हे वाचा

पॉवर बटण अडकायला लागलं की पहिला विचार येतो, ‘एकदा बंद करून चालू करून पाहू.’ नेमकं तेच टाळा. बंद झालेला फोन पुन्हा चालू करायला तेच बटण लागतं, आणि ते दाबलंच गेलं नाही तर बँकेचे ओटीपी, यूपीआय, फोटो, सगळं आत अडकतं. म्हणून आधी फोन चार्जिंगला लावा, आजच बॅकअप घ्या आणि बटण दुरुस्त होईपर्यंत बॅटरी २०-३० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका.

बिघाड नेमका कुठे आहे?

बाहेरून दिसतं ते बटण म्हणजे नुसती टोपी. खरा स्विच तिच्यामागे असतो. त्यात धातूची पातळ, फुगीर चकती असते. दाबली की ती खाली वाकते, आतली टोकं जोडली जातात आणि ‘टक्’ असा आवाज येतो. बहुतेक फोनांत हा स्विच एका लवचिक पट्टीवर बसवलेला असतो. दुरुस्तीवाले तिला ‘ऑन-ऑफ फ्लेक्स’ किंवा नुसतं ‘पट्टी’ म्हणतात. काही मॉडेलांत स्विच थेट फोनच्या मुख्य सर्किट बोर्डावरच डाग देऊन लावलेला असतो.

सगळ्यात आधी कव्हर काढा. कडक किंवा वाकलेल्या कव्हरची कड बटणावर सतत दाब देते, आणि कव्हर काढताच ‘बिघाड’ गायब होतो, असं बऱ्याचदा घडतं. तरीही त्रास राहिला, तर बटण हळूच दाबून ऐका.

‘टक्’ जाणवतच नसेल, बटण आत रुतलं असेल किंवा लुळं पडलं असेल, तर चकती दमली आहे किंवा टोपी जागेवरून सरकली आहे. ‘टक्’ येतो पण फोन दाद देत नाही, तेव्हा आतल्या टोकांवर मळ किंवा गंज असतो, पट्टी चिरलेली असते, नाहीतर फोन पडल्यामुळे तिचं कनेक्टर सुटलेलं असतं. आवाजाची बटणंही सोबतच बंद पडली असतील तर संशय पट्टीवर किंवा कनेक्टरवर घ्या, कारण अनेक फोनांत ती एकाच पट्टीवर असतात.

तिसरा प्रकार जास्त त्रासदायक: बटण आतून दाबलेलंच राहतं. मग हात न लावता पॉवर मेनू उघडतो, आवाज कमी करायला गेलं की स्क्रीनशॉट निघतो, मध्येच कॅमेरा सुरू होतो किंवा फोन लोगोपर्यंत जाऊन पुन्हा बंद होतो. बटण बराच वेळ दाबून धरलं की फोनने सक्तीने रीस्टार्ट व्हायचं, ही सोय मुद्दाम ठेवलेली असते. त्यामुळे फोन दर काही सेकंदांनी, जवळपास सारख्याच अंतराने रीस्टार्ट होत असेल आणि बटणाच्या बाजूला बोटाने हलकं टिचकवल्यावर थोडा वेळ थांबत असेल, तर दोष बटणाचाच समजा. सॉफ्टवेअरच्या गडबडीत अंतर असं ठरावीक क्वचितच असतं.

अशा फोनमध्ये आपत्कालीन कॉलची सोय ताबडतोब तपासा. भारतात ११२ ला फोन लावण्यासाठी पॉवर बटण काही फोनांत तीनदा, काहींत पाचदा झटपट दाबायचं असतं. अडकलेलं बटण हे आपोआप करू शकतं. दुरुस्ती होईपर्यंत सेटिंग्जमध्ये ‘इमर्जन्सी एसओएस’ बंद करता येत असेल तर करा, आणि नंतर आठवणीने पुन्हा चालू करा.

बटणाशिवाय काम चालवण्यासाठी

अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या ‘ॲक्सेसिबिलिटी’त ‘ॲक्सेसिबिलिटी मेनू’ असतो. तो सुरू केला की लॉक, स्क्रीनशॉट आणि पॉवर मेनू स्क्रीनवरूनच मिळतात. अँड्रॉइड १२ पासून पुढच्या बऱ्याच फोनांत वरून दोनदा खाली ओढलं की पॉवरचं चिन्हही दिसतं. स्क्रीन जागी करायला ‘दोनदा टॅप’ किंवा ‘उचलल्यावर जागा हो’ हे पर्याय चालू करा. सॅमसंगमध्ये ते ‘ॲडव्हान्स्ड फीचर्स’खाली ‘मोशन्स अँड जेश्चर्स’मध्ये आहेत.

आयफोनवर ‘ॲक्सेसिबिलिटी’, मग ‘टच’, मग ‘असिस्टिव्हटच’ असं जा. लॉक आणि रीस्टार्ट दोन्ही तिथून होतात.

आता बंद पडलेला फोन चालू कसा करायचा? आयफोन चार्जर लावला की आपोआप सुरू होतो. बहुतेक अँड्रॉइड फोन मात्र चार्जर लावल्यावर फक्त बॅटरीचं चित्र दाखवतात. शाओमी, रिअलमी, विवो, ओप्पोच्या अनेक मॉडेलांत ‘शेड्यूल्ड पॉवर ऑन-ऑफ’ असतं. त्यात रोज सकाळी चालू होण्याची वेळ लावून ठेवा, म्हणजे रात्री फोन बंद पडला तरी चार्जिंगवर असताना सकाळी तो उठेल. सॅमसंगच्या अलीकडच्या बऱ्याच फोनांत आवाजाची दोन्ही बटणं दाबून धरून संगणकाला जोडलेली यूएसबी केबल लावली की एक इशारा येतो. तिथे आवाज कमी करायचं बटण दाबलं की फोन नेहमीसारखा सुरू होतो. आवाज वाढवायचं बटण तिथे अजिबात दाबू नका. बटण थोडंफार चालतंय तोवरच यातला आपल्याला लागू पडणारा मार्ग एकदा करून बघा. पुढची साफसफाई त्यावरच अवलंबून आहे.

साफसफाई

पावसाळ्यात, समुद्राजवळ किंवा धुळीच्या कामात असलेल्या फोनांत मळ आणि गंज हे मोठं कारण असतं आणि ते घरी सुटू शकतं.

१. वरच्यापैकी एखादा मार्ग जमत असेल तरच फोन बंद करा. जमत नसेल तर फक्त कोरडी सफाई करा.

२. फोन असा धरा की बटण जमिनीकडे राहील. मऊ, कोरड्या टूथब्रशने बटणाच्या चारही बाजूंच्या फटी झाडा.

३. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब ब्रशवर घ्या, फोनवर ओतू नका. फटीवर फिरवा आणि लगेच बटण २०-३० वेळा दाबा.

४. फडक्याने टिपून अर्धा तास तसाच ठेवा, मग चालू करा. फरक पडला पण अपुरा वाटला तर एकदा पुन्हा करा.

सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी असतं आणि बऱ्याचदा ग्लिसरीनही. खोबरेल तेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे आज बटण मोकळं करतो आणि उद्या त्यावरच धूळ चिकटवतो. तोंडाने फुंकर मारली की ओलावा आत जातो. सुईने टोपी उचकटू नका, आतली पातळ पट्टी सुईच्या टोकाने सहज फाटते.

दुकानात जाताना

वॉरंटी असेल तर अधिकृत केंद्रातच जा. बटणाचा दोष नेहमी वापरणाऱ्याचाच असतो असं नाही. मार्च २०१३ पर्यंत बनलेल्या काही आयफोन ५ मधली सदोष बटणं ॲपलने २०१४ मध्ये योजना जाहीर करून मोफत बदलून दिली होती.

बाहेर दुरुस्त करणार असाल तर पट्टीची किंमत आणि मजुरी वेगवेगळी विचारा. ज्या फोनात बोटाचा ठसा पॉवर बटणावरच घेतला जातो, तिथे आधी फक्त पट्टी किंवा कनेक्टर तपासायला सांगा. ठशाचा सेन्सर बदलला तर काही मॉडेलांत तो नव्याने जुळवावा लागतो, आणि ते न जमल्यास बटण चालतं पण ठसा घेतला जात नाही. पासवर्ड सांगण्यापेक्षा सॅमसंगमध्ये ‘मेंटेनन्स मोड’, अँड्रॉइड १४ पासूनच्या पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’ लावून फोन द्या. तुमचा डेटा झाकलेला राहतो.

पैसे देण्याआधी काउंटरवरच बटण २० वेळा दाबा, स्क्रीन लॉक करून बघा, दाबून धरून मेनू आणा, ठसा आणि आवाजाची बटणं तपासा. काही आयफोनांत पॉवरच्या पट्टीवरच फ्लॅश आणि एक माइकही असतो, म्हणून टॉर्च लावा आणि एक व्हिडिओ काढून आवाज ऐका. नवी पट्टी लावूनही तोच त्रास राहिला तर दोष बहुधा बोर्डात आहे. ते काम महाग पडतं, तेव्हा फोनची आजची किंमत विचारूनच पुढे जा. आणि एकदा उघडलेल्या फोनला नवा गोंद लावला असला, तरी जलरोधक म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवू नका.