क्लबचं वेळापत्रक शेवटाकडून मांडा

गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ची, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायच्या स्पर्धेची, तयारी करणारे आपल्याकडचे बरेच क्लब जूनमध्ये वेळापत्रक ठरवायला बसतात. १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावणं, तेही मिरामारच्या दमट हवेत. म्हणून आधी स्पर्धेची तारीख लिहा आणि तिथून मागे मोजत या. शेवटचे दोन आठवडे हलका सराव. त्याआधीच्या दीड-दोन महिन्यांत दर रविवारी सायकलवरून उतरल्या उतरल्या धावणं. सुरुवातीला पाय शिशाचे होतात, त्याची सवय लावावीच लागते आणि ती चौघांच्या सोबतीने लवकर लागते.

पावसाळ्यात घाटउतारावर गटाने सायकली काढू नका. ओल्या रस्त्यावर एक घसरला की मागचे तिघे त्याच्यावर आदळतात. ते महिने जलतरण तलाव, ट्रेनर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) आणि धावण्यासाठी ठेवा.

उघड्या पाण्यातला सराव मात्र पाऊस ओसरल्यावरच, जिथे परवानगी आहे तिथेच. माझा यात एकच हट्ट आहे: प्रत्येकाच्या डोक्यावर भडक नारिंगी टोपी, मागे दोरीने ओढलेला तरंगता फुगा आणि काठावर वही घेऊन बसलेला एक माणूस. पाण्यात उतरताना नाव लिहायचं, बाहेर आल्यावर त्यासमोर खूण. सगळ्या खुणा झाल्याशिवाय चहा नाही.

वहीवाल्याची पाळी आजच वाटून टाका, नाहीतर त्या दिवशी सगळ्यांनाच पोहायचं असतं.