बाँड डेस्कवर नवीन आहात? आधी एका नावात किती ते बघा

डेट म्हणजे बाँडच्या डेस्कवर लागले तेव्हा बाँड म्हणजे जरा जास्त व्याजाची एफडी एवढंच डोक्यात होतं. ड्युरेशन (व्याजदर हलला की बाँडचा भाव किती हलेल ते) वगैरे तोंडपाठ, पण एखादी कंपनीच बुडाली तर काय, याचा कधी विचारच केला नव्हता.

पहिल्याच आठवड्यात सरांनी कॅल्क्युलेटर पुढे सरकवला. म्हणे १०० कोटींचा पोर्टफोलिओ धर, त्यात एका कंपनीचे ५ कोटी, सरकारी बाँडपेक्षा दीड टक्का जास्त मिळतोय, म्हणजे वर्षाला जास्तीचे किती? साडेसात लाख. आता कंपनी गेली आणि ४० टक्केच परत मिळाले तर बुडाले ३ कोटी, ते साडेसात लाखांनी भरायला किती वर्षं? ४०. मी दोनदा करून बघितलं. शेअरमध्ये एक बुडाला तर दुसरा पाचपट होऊन सावरून घेतो, इथे सगळं नीट झालं तरी ठरलेलं व्याज आणि मुद्दल, बस. त्यामुळे सगळी मारामारी एका नावात, म्हणजे एका कंपनीत, किती पैसे टाकायचे यावरच.

सेबीनेही म्युच्युअल फंडांना रेटिंगप्रमाणे (कर्ज फेडण्याच्या कुवतीचा दर्जा, एएए सगळ्यात वरचा) मर्यादा घातलीय, एका इश्युअरमध्ये, म्हणजे बाँड काढणाऱ्या कंपनीत, एएए असेल तर १०, एए ८, ए आणि खाली ६ टक्के. (ट्रस्टींच्या मंजुरीने २ टक्के वाढवता येतात.) पण ही वरची रेघ झाली, तिथपर्यंत भरायलाच पाहिजे असं काही नाही.

आता माझी चूक. आमचं लिमिट एका नावाला ५ टक्के होतं. शीटवर तीन नावं, एक हाउसिंग फायनान्स, एक रस्त्याची एसपीव्ही (एका प्रकल्पापुरती काढलेली कंपनी), एक होल्डिंग कंपनी, प्रत्येकी ४, सगळे सेल हिरवे. ग्रुपचा, म्हणजे कोणत्या कंपन्या एकाच मालकाच्या, तो कॉलम भरायचं काम माझं, आणि मी तो कंपनीच्या नावावरून भरलेला, तिघांची नावं वेगळी म्हणून ग्रुपही वेगळे! प्रमोटर (मूळ मालक) एकच होता. शुक्रवारी संध्याकाळी त्याच्याबद्दल वाईट बातमी आली, सोमवारी तीन ब्रोकरना फोन लावले तर एकच उत्तर, "मॅडम, बिडच नाहीये," म्हणजे घ्यायलाच कोणी तयार नाही. १२ टक्के एकाच माणसाच्या भरवशावर. पुढे मिळेल त्या भावाला थोडं थोडं काढलं, आणि सर काही बोलले नाहीत हे जास्त लागलं.

तेव्हापासून कॉलम भरताना शेअरहोल्डिंग, रिलेटेड पार्टीची टीप (आपसातल्या कंपन्यांचे व्यवहार) आणि गॅरंटी कोणी कोणाला दिलीय, तिन्ही बघते. प्रमोटरचे शेअर तारण असतील तर तेही, एक्स्चेंजवर फुकट दिसतं.

आणि रेटिंगवर झोपू नका. आयएल अँड एफएस ही पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणारी कंपनी २०१८ च्या जुलैत एएए होती आणि सप्टेंबर संपायच्या आत डी, म्हणजे डिफॉल्ट. तिथे रस्ते-बोगदे अशी वीस-वीस वर्षांत पैसे देणारी मालमत्ता, आणि त्यामागे बरीच उधारी थोड्या मुदतीची, फिरवत राहायची. रोलओव्हर (जुनं फेडायला नवं कर्ज) अडला की खेळ खलास. म्हणून मी आधी पुढच्या बारा महिन्यांत किती फेडायचंय आणि हातात रोकड किती हे बघते, नफा नंतर. शिवाय अडचणीतल्या कंपनीच्या बाँडचा भाव बाजारात पडायला लागतो तो बऱ्याचदा रेटिंगच्या आधी, तेव्हा डीलरशी रोज दोन मिनिटं बोला, चहाचे पैसे तुम्ही द्या.

इंटरव्ह्यूला जाताना एखाद्या एनबीएफसीचा (बँक नसलेल्या वित्त कंपनीचा) वार्षिक अहवाल शेवटून वाचून जा, मॅच्युरिटीचा तक्ता (कोणतं कर्ज कधी फेडायचंय तो) मागेच असतो.