नेब, चूळ, मग ब्रश

पोराच्या खालच्या पुढच्या दातांमागे पिवळट काहीतरी दिसलं. जेवणातलं अडकलं असेल म्हणून मी नखाने खरवडलं, तर ढिम्म हललं नाही. तेव्हा तो सात वर्षांचा. डेंटिस्टने बघितल्या बघितल्या विचारलं, "एवढं कीटण या वयात? याला काही आजार आहे का?" सिस्टिक फायब्रोसिस (थोडक्यात सीएफ, फुप्फुसांवर आणि पचनावर परिणाम करणारा जन्मजात आजार) आहे हे मी सांगितलंच नव्हतं. छातीच्या डॉक्टरांकडे जाडजूड फाइल घेऊन जाणारा बाप दातांच्या खुर्चीपाशी हात हलवत गेला होता. तेव्हापासून फाइल दोन्हीकडे जाते.

मुलाला जीभ वर करायला सांगा. खाली मधोमध दोन बारीक उंचवटे दिसतील. जबड्याखालच्या लाळग्रंथींची तोंडं तिथे उघडतात. ज्या सीएफटीआर प्रथिनातल्या बिघाडाने फुप्फुसात कफ चिकट होतो आणि घाम खारट होतो, ते लाळेच्या नलिकांतही असतं. त्यामुळे लाळेतल्या क्षारांचा मेळ बदलू शकतो. सीएफच्या मुलांत कीटण जास्त दिसतं आणि त्या उंचवट्यांसमोरचे दात त्याची ठरलेली जागा. कीटण ब्रशने निघत नाही, खरवडायचंही नाही. डेंटिस्टकडून साफ करून घ्यायचं. आम्ही दर सहा महिन्यांनी जातो.

गंमत म्हणजे जुन्या अभ्यासांत या मुलांच्या दातांना कीड कमी आढळायची. सतत चालणाऱ्या अँटिबायोटिक्समुळे असावं, असा अंदाज होता. त्यावर विसंबू नका. आपल्या मुलांना वजनासाठी दिवसभर काही ना काही खायला लागतं. गोड खाल्लं की काही मिनिटांत तोंड आंबट होतं आणि लाळेला ते पूर्ववत करायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात पुढचा घास आला की दात आंबटातच राहतात. कॅलरी कमी करायच्या नाहीत, पण त्या तूप, लोणी, चीज, दाण्यांतून वाढवा आणि चघळायच्या गोड गोळ्या-चॉकलेटं, घोट घोट प्यायची गोड पेयं यांना रजा द्या. खाण्याच्या वेळा ठरवा. मधल्या वेळात फक्त पाणी. आहारात बदल करताना आहारतज्ज्ञांना विचाराच.

अन्न पचावं म्हणून खाण्यासोबत द्यायच्या एन्झाइमच्या कॅप्सूलचं वेगळं प्रकरण आहे. लहान मुलांना कॅप्सूल उघडून आतले दाणे फळाच्या आंबटसर गरात देतात. दाणे चावायचे नाहीत, आणि तोंडात राहू द्यायचे नाहीत, नाहीतर तिथली त्वचा सोलवटते. आमच्याकडे एकदा चार दिवस तोंड आलं होतं. टॉर्च मारली तर खसखशीएवढा एक दाणा गाल आणि हिरडीच्या फटीत बसलेला. आता प्रत्येक डोसनंतर दोन घोट पाणी आणि "आ कर", हा आमचा नेम.

रात्रीचा क्रम सांगतो, कारण आमची खरी चूक तिथे होती. आधी ब्रश, मग नेब (नेब्युलायझर, म्हणजे औषधाचा फवारा श्वासातून देणारं यंत्र), मग कॅप्सूल आणि गोड दूध, मग झोप! म्हणजे घासलेल्या दातांवर रात्रभर दूध. आता दूध-कॅप्सूल आधी, मग नेब आणि श्वासातून औषध ओढायचा पंप. पंपात स्टिरॉइड असेल तर लगेच खळखळून चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात बुरशी धरते. पुसला तरी नीट न निघणारा पांढरा थर दिसला तर डॉक्टरांना दाखवा. शेवटी ब्रश. फ्लोराइडची पेस्ट: तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. फेस थुंकायचा आणि नंतर चूळ नाही, पेस्टचा थर दातांवर राहू द्या. आधी चूळ, नंतर चूळ नाही, हे पोराला पटायला महिना लागला.

खोकता खोकता उलटी झाली, तर लगेच ब्रश करू नका. पोटातल्या आम्लाने इनॅमल मऊ झालेलं असतं, ब्रशने ते झिजतं. साध्या पाण्याने किंवा चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ, आणि ब्रश तासाभराने. नाक चोंदून तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाचं तोंड कोरडं पडतं, पुढच्या हिरड्या लाल होतात. तिथे दातांआधी नाकाचा इलाज. पक्क्या दाढांवर पांढरे-तपकिरी चट्टे दिसले तर "नीट घासत नाहीस" म्हणून रागावू नका, सीएफमध्ये इनॅमल घडतानाच कच्चं राहू शकतं.

डेंटिस्टला चार गोष्टी सांगा. खुर्ची पूर्ण आडवी नको. दात काढायचा असेल तर आधी व्हिटॅमिन के आणि यकृताचं विचारून घ्या, कारण रक्त थांबायला वेळ लागू शकतो. पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर छातीच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही. आणि खुर्चीच्या नळ्यांत साचलेल्या पाण्यात स्यूडोमोनास हा सीएफच्या फुप्फुसांना घातक जंतू वाढू शकतो, म्हणून त्या निर्जंतुक कशा करतात ते विचारा. हे विचारताना मला आधी संकोच वाटायचा.

स्यूडोमोनास ओलाव्यात रमतो, त्यामुळे ब्रशही कोरडा हवा. धुऊन झटका, उभा ठेवा, इतरांच्या ब्रशला चिकटू देऊ नका, तीन महिन्यांनी बदला. टोपी नको. आमच्या ब्रशची टोपी सध्या कागदी रॉकेटचं नाक झाली आहे.